दोन पानं एकदम

कोतेबेची शेवटची बस सातला सुटते,
म्हणून मी दोन पानं एकदम उलटली.

तासाला चाळीस बिर्र
आणि वर तिच्या डब्यातली अर्धी इंजेरा,
एवढ्यावर मी बेलायनेशला कायदा वाचून दाखवते.
मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही.
मी भूगर्भशास्त्राची, खडकांचे थर वाचणारी.
पण वाचकांच्या यादीत माझ्या नावापुढे लिहिलंय:
उच्चार स्वच्छ, वेळेवर येते.

पुस्तक म्हणजे झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स.
बोलणारा संगणक आहे, नाही असं नाही.
त्याच्या उद्घाटनाचा फोटो जिन्यात लावलाय,
रिबिनीसकट.
पण त्याला हे पान दाखवलं
की तो एकच शब्द म्हणतो: प्रतिमा.
पान दोनशे सतरा, प्रतिमा.
पान दोनशे अठरा, प्रतिमा.
"मरियमच्या तसबिरीपुढे आजीसुद्धा
एवढा जप करत नाही," बेलायनेश म्हणाली होती.

त्याही खोलीची किल्ली अतो देम्सेंकडे.
अतो देम्से कुणाच्या तरी लग्नाला, गोंदरला.
मग आम्ही जिन्यातच, तिसऱ्या पायरीवर.
येणारेजाणारे तिची काठी ओलांडतात
आणि माफी मागतात
माझी.

त्या दिवशी मालमत्तेचं प्रकरण होतं:
सामायिक भिंत, शेजाऱ्याचं झाड, विहिरीचं पाणी.
बाहेर नीलगिरीच्या धुराचा वास सुटला होता,
कुठेतरी संध्याकाळची कॉफी भाजत होते,
आणि माझ्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.
मी "विहिरीचं पाणी" या शब्दांवरून उडी मारली
ती थेट "भाडेकरार" वर.
वाक्य जुळलं. कुणालाही कळलं नसतं.

आमच्या शास्त्रात गाळ साचतो, थर होतो,
मधला एखादा नसला तरी तो नसल्याची रेघ दिसते.
मी गाळलेलं मात्र
कुठेच साचणार नाही, असं धरून चालले.

सेनेमध्ये परीक्षा झाली.
लेखनिक म्हणून पहिल्या वर्षाचा एक मुलगा दिला होता.
तो "मालमत्ता" कशी लिहायची ते तिलाच विचारत होता.
आणि शेवटचा प्रश्न, वीस गुणांचा:
ज्या जमिनीला चारी बाजूंनी दुसऱ्यांची जमीन आहे
आणि रस्त्यापर्यंत जायला वाट नाही,
तिच्या मालकाचा हक्क सांगा.

गुरुवारी ती नेहमीसारखी पायरीवर बसली.
काठी मिटवून मांडीवर घेतली.
म्हणाली, "दोनशे अठरा आणि दोनशे एकोणीस.
तेवढी राहिलीत."

माझा घसा सुकला.
"कागद जाड वाजला होता," ती म्हणाली,
"आणि तू श्वास घ्यायची थांबलीस."
मग तेव्हाच का नाही...
"तेव्हा बोलले असते तर तुझी बस चुकली असती.
बस चुकली असती तर पुढच्या गुरुवारी
तुला ताप आला असता.
मग उरलेलं सगळंच पुस्तक प्रतिमा."

तिने हा हिशेब त्याच पायरीवर केला होता,
मी भाडेकरार वाचत असताना.

मी वाचलं. सावकाश, तळटिपांसकट.
वाट मागता येते. शेजाऱ्याला ती द्यावी लागते.
कमीत कमी नुकसान होईल अशा बाजूने,
आणि योग्य मोबदला घेऊन.
"थांब," ती म्हणाली. "शेवटचं परत."
तिचं बोट ब्रेलच्या पाटीवर टोचे मारत राहिलं,
उजवीकडून डावीकडे,
आणि वर सात वाजून गेले.

जाताना तिने नोटा काढल्या.
दहाच्या नोटेला एक घडी, पन्नासच्या नोटेला दोन.
मी हात मागे घेतला: "आजचे नकोत."

"घे," ती म्हणाली.
"फुकट वाचलंस
तर पुढच्या वेळी तुला विचारायचं कसं,
किती पानं उलटलीस?"

मी घेतले.
कोतेबेपर्यंत चालत आले. लांब आहे.